मामाजींच्या अंगाखालची चादर

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी चादर बदलण्यात नापास झाले. भावाला फोनवर हे सांगितलं. तो हळूच म्हणाला, "उलटी घातली का?"

उलटी घातली नव्हती. कोपरे तर असे दुमडले होते की त्यांच्यावर पट्टी ठेवून रेघ मारावी. नापास होण्याचं कारण वेगळंच होतं, आणि ते भावालाच काय, पुढचे दोन दिवस मी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

मी सरकारी नर्स आहे. कुरखेड्याकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात वीस वर्षं काढली. इतक्या वर्षांत किती चादरी बदलल्या असतील याचा हिशेब धोब्यालाही लागायचा नाही. पण माझं शिक्षण डिप्लोमापर्यंतचं. पुढं कधीतरी मनात आलं की आता नव्या मुलींना आपण शिकवावं, आणि शिकवायला डिग्री लागते. म्हणून पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगचा फॉर्म भरला. दोन वर्षांची रजा मंजूर झाली, एक दिवस जास्त नाही. म्हणजे एका विषयात जरी वर्ष गेलं तरी रजा संपणार, डिग्री राहणार, आणि मी परत माझ्या वॉर्डात, अर्धी शिकलेली. पुन्हा रजा मागायला तोंड तरी कुठलं उरलं असतं?

तर सोमवार ते शनिवार गडचिरोलीला वसतिगृहात, आणि शनिवारी दुपारी एसटीने घरी. वर्गातल्या मुली बावीस-तेवीस वर्षांच्या. मी नोकरीला लागले तेव्हा त्या दुडुदुडु चालत असणार. तोंडावर मला ताई म्हणायच्या. पाठीमागं काय म्हणायच्या ते मी ऐकलं आहे, पण इथं लिहीत नाही.

पहिल्याच वर्षी नर्सिंगची मूलतत्त्वं पुन्हा शिकायची असतात. हात कसे धुवावेत, थर्मामीटर कसा वाचावा, आणि पेशंट पलंगावर पडलेला असतानाच त्याच्या अंगाखालची चादर कशी बदलावी. हे शेवटचं मोठं कसबाचं काम. पेशंटला एका कुशीवर वळवायचं, जुनी चादर गुंडाळत त्याच्या पाठीपर्यंत न्यायची, मागोमाग नवी पसरायची, मग त्याला दुसऱ्या कुशीवर वळवून पलीकडून दोन्ही ओढून घ्यायच्या. आमच्या कॉलेजात हा पेशंट म्हणजे एक रबरी डमी. आणि नियम असा की प्रत्येक गोष्ट करण्याआधी ती डमीला समजावून सांगायची, त्याची परवानगी घ्यायची, त्याला धीर द्यायचा. चेकलिस्टमध्ये त्याला वेगळे गुण असतात.

आता त्या डमीबद्दल सांगायला हवं. उंच, टक्कल पडलेला, रंग उकडलेल्या बटाट्यासारखा. तोंड किंचित उघडं, जणू काही विचारायचं आहे पण भिडेखातर थांबला आहे. उजव्या खांद्याचा बोल्ट झिजलेला, म्हणून मुलींनी तो हात क्रेप बँडेजनं बांधून ठेवलेला. पहिल्या दिवशी मी त्याच्याकडं पाहिलं आणि दोन पावलं मागं सरले. तो हुबेहूब आमच्या मामाजींसारखा होता.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्याला मामाजी म्हणतात. वनखात्यात वनरक्षक होते, आयुष्यभर जंगलात चालले, म्हणून की काय बोलणं कमी आणि ऐकताना तोंड किंचित उघडं. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात थोरल्या जाऊबाईंना पाहिलं: मामाजी समोर आले की डोक्यावर पदर, त्यांच्या खाटेवर बसायचं नाही, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. मीही तेच उचललं. कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळं हे बंद कर असं सांगणारंही कोणी नव्हतं. आमचं घर काही जुन्या वळणाचं नाही. जयंतीला विहारात मी स्त्रीशिक्षणावर भाषण करते, आणि मामाजी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. मग आम्ही दोघं घरी येतो आणि मी दाराला सांगते, "चहा झाला म्हणा."

सासूबाई होत्या तोवर निरोप त्यांच्यामार्फत जायचे. त्या गेल्या तीन वर्षांपूर्वी. तेव्हापासून आमचा कारभार दार, खांब आणि बकरी यांच्यावर चालू होता. मामाजी बकरीला विचारायचे, "आज बाजाराले कोणी जाऊन राह्यलं का?" मी खांबाला सांगायची, "जाणार आहेत म्हणा." वॉर्डात माझा आवाज औषधांच्या खोलीपर्यंत जातो, तो बंद व्हावा म्हणून पेशंट लवकर बरे होतात असं डॉक्टर म्हणतात. पण मामाजींना मलेरिया झाला तेव्हा गोळ्या मी खिडकीत ठेवल्या आणि खिडकीला डोस समजावून सांगितला.

तर सराव परीक्षेच्या दिवशी मी त्या डमीसमोर उभी राहिले. बाजूला आमच्या ट्यूटर मॅडम, हातात चेकलिस्ट. "करा सुरू, सिस्टर." माझ्या अंगावर पांढरा युनिफॉर्म, पदर कुठून असणार. डमीनं तोंड किंचित उघडं ठेवून माझ्याकडं पाहिलं. माझा हात आपोआप डोक्याकडं गेला, पदर सापडला नाही, आणि दुसऱ्या हातात जी नवी चादर होती तिचं टोक मी डोक्यावर घेतलं.

मॅडम म्हणाल्या, "हे काय?"

मी घाईनं चादर डोक्यावरून उतरवली, बदलली, कोपरे दुमडले, आणि पूर्ण वीस मिनिटांत तोंडातून एक शब्द काढला नाही. शेवटी खाली वाकून डमीच्या पायांना हात लावला. तो कशाला लावला, देव जाणे.

मॅडमनी नंतर मला बाजूला घेतलं. बाई वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण समजूतदार. "ताई, हात तुमचे उत्तम आहेत. पण पेशंटशी एक शब्द नाही. संवादाला मी शून्य दिलंय, द्यावंच लागलं. विद्यापीठाच्या प्रॅक्टिकलला बाहेरच्या परीक्षक येतील. तिथं निदान हे गुण भरून काढा, नाहीतर वर्ष गेलं समजा."

दोन महिने हातात होते.

नवऱ्याला अखेर सगळं सांगितलं. हे तहसीलमध्ये कारकून आहेत, पण मनानं नट. तरुणपणी झाडीपट्टीच्या एका नाटकात यांना काम मिळालं होतं, पहिल्याच प्रवेशात मरण्याचं. तेव्हापासून अंगात जे उरलं होतं ते बाहेर पडायची वाट पाहत होतं. रविवारी सकाळी हे सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, खाटेवर पडले आणि म्हणाले, "मी पेशंट. बोल माझ्यासंगं."

मी म्हणाले, "नमस्कार. मी तुमची सिस्टर. मी तुमची चादर बदलणार आहे."

"सिस्टर," हे छातीवर हात ठेवून म्हणाले, "माह्या लेकरायले सांगजा, बाप शेवटपर्यंत इमानदार होता."

"तुम्हाला फक्त पलंगावर पडायचं आहे."

"पडलोच आहे वं बाई. आता उठत नाई मी." आणि हे मोठ्यानं कण्हले. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या आणि विचारून गेल्या की गाडी सांगू का. तिसऱ्या रविवारी शेजाऱ्यांनी खुर्च्या आणून ठेवल्या होत्या. आणि माझ्या बोलण्याचं म्हणाल तर यांच्याशी बोलायला मला कधीच अडचण नव्हती. मी इतकं बोलले की पेशंटनं रुसून जेवण टाकलं.

संध्याकाळी हे म्हणाले, "हे काई कामाचं नाई. तुले डमीची भीती नाई, बाबाची आहे. मंग बाबालेच झोपवू."

मी म्हणाले, वेड लागलं का. पण हे तोवर अंगणात गेलेही होते. मामाजी बकरीला पाला घालत होते. यांनी त्यांना सगळं समजावलं. परीक्षा, चादर, डमी, सगळं. मी दाराआडून ऐकत होते. मामाजींनी एकच प्रश्न विचारला. "डमी काय करते?"

"काईच नाई करत बाबा. नुसता पडते."

"जमते मले," मामाजी म्हणाले.

आणि खरंच जमलं. खाकीत चाळीस वर्षं काढलेला माणूस, दिलेलं काम चोख. ते खाटेवर ताठ पडले, नजर आढ्याला, तोंड किंचित उघडं. नाकावर माशी बसली तरी हलले नाहीत. मी डोक्यावर पदर घेऊन, साडीवर ॲप्रन घालून उभी. हे खुर्चीत, मांडीवर चेकलिस्ट. खाटेच्या पायाला बकरी बांधलेली.

मी बकरीकडं पाहिलं. "मामाजींना म्हणा, चादर बदलायची आहे."

मामाजी आढ्याकडं पाहतच बकरीला म्हणाले, "बदल म्हणा."

"उजवीकडं वळा म्हणा."

"कोणाच्या उजवीकडं म्हणा."

प्रश्न रास्त होता. वीस वर्षांच्या नोकरीत हा मला कोणत्याही पेशंटनं विचारला नव्हता, कारण तो विचारायच्या आत मी त्यांना वळवून टाकलेलं असायचं. मी बकरीला सांगितलं, तुमच्या म्हणा. मामाजींनी तो निरोप ऐकला आणि थोडा विचार करून बकरीच्या उजवीकडं वळले, म्हणजे चुकीच्या बाजूला. तरी चादर कशीबशी बदलली. यांनी गुण मोजले. "संवाद झाला. पण पुरा बकरीसंगं झाला. बकरी पास, तू नाई."

पुढच्या दिवशी कसलीतरी सुट्टी होती, म्हणून मी घरीच होते. सकाळी पाहते तर बकरी नाही. यांनी ती काकूंकडं नेऊन बांधली होती, जाताना खांबाकडं बोट दाखवून म्हणाले, "आणि याच्यासंगं बोललीस तर मी खांब काढीन." आणि ऑफिसची काही कागदं शोधायच्या निमित्तानं आत गेले.

सपरीत मी आणि मामाजी. ते पुन्हा डमी झालेले. किती वेळ मी नुसती उभी होते ते सांगता येत नाही. अंगणात मोहफुलं वाळत होती, त्यांचा वास येत होता, आणि काकूंकडून बकरी ओरडत होती. शेवटी मी ठरवलं, डमीशी न बोलता जमलं होतं, तसंच करू. एका हातानं खांदा, एका हातानं कंबर, आणि मी त्यांना कुशीवर वळवलं. डमी वळतो तसे मामाजी वळले. म्हणजे अंग सैल सोडून, जराही मदत न करता. पण कॉलेजचा पलंग रुंद आहे आणि आमची खाट अरुंद. सुंभ ढिला, मध्ये झोळ. मामाजी वळत वळत काठावर आले आणि काठाच्या पलीकडं जायला लागले. डमीचं काम चोख असल्यामुळं त्यांनी स्वतःला सावरण्यासाठी बोटही हलवलं नाही.

"मामाजी, हात धरा माझा."

त्यांनी धरला. "धरला," ते म्हणाले.

आम्ही दोघं तसेच राहिलो. माझा पदर खांद्यावर आला होता. एक हात त्यांच्या हातात, दुसरा त्यांच्या कमरेखाली, गुडघा त्यांच्या खाटेवर. मामाजींचा हात खरखरीत आणि अंदाजापेक्षा हलका होता.

"सोडू का?" मामाजींनी विचारलं. मला विचारलं, बकरीला नाही.

"नाही. आधी आत सरका. आता दुसऱ्या कुशीवर."

"कोणाच्या उजवीकडं?"

"तुमच्याच."

चादर झाली. मामाजी उठून बसले, नव्या चादरीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "एक सांगू का, बाई?"

"सांगा."

"मले अंबाडीची भाजी आवडत नाई."

मला कळेना. लग्न होऊन आल्यापासून आठवड्यातून दोनदा मी अंबाडी करत होते. सासूबाईंनी सांगितलं होतं, मामाजींना अंबाडीशिवाय घास उतरत नाही. "ते तुह्या सासूले आवडे," मामाजी म्हणाले.

"मग इतकी वर्षं बोलले काऊन नाई तुमी?"

"तिले सांगतलं. मंग ते गेली, मंग बकरीले सांगतलं."

मी खाली बसले आणि हसू लागले. मामाजी हसले नाहीत. ते आढ्याकडं पाहत म्हणाले, "तू नोकरीले लागली, तवाही सांगतलं होतं. पोरीले म्हणा, मले लय आनंद झाला. भेटला नाई का निरोप?"

तो निरोप मला मिळाला होता. सासूबाईंनी दाराशी येऊन सांगितलं होतं, मामाजी म्हणतात, डबा सकाळी सहाला करून जाशील ना. मी वीस वर्षं सहाला डबा केला. सासूबाईंवर रागवावं तर त्याही माझ्यासाठी भरपूर राबल्या, आणि मधल्या माणसाला निरोपातून थोडं काही आपल्यासाठी काढून घ्यायचा हक्क असतोच म्हणा. पण त्या सकाळी मी स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ उगाच भांडी लावली.

त्यानंतर मामाजी थांबेनात. दर रविवारी खाटेवर पडायचे आणि मी "नमस्कार" म्हणायच्या आत सुरू व्हायचे. गुडघा दुखतो, कान वाजतो, पाठीखाली सुरकुती टोचून राह्यली. चेकलिस्ट त्यांना पाठ झाली. "वाऱ्याची झडप आली तर खिडकी लावाची असते, तू विसरली," असं मला सांगायचे. मी विचारायची, ते उत्तर द्यायचे, मी पुढं जायची. उत्तर यायला वेळ लागायचा, कारण मामाजी कोणताही प्रश्न आधी जंगलातून एक फेरी मारून आणतात. मला त्या वेळाची सवय झाली.

विद्यापीठाच्या प्रॅक्टिकलला परीक्षक म्हणून ज्या मॅडम आल्या त्या लांबून, पश्चिमेकडून आल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं छापील. चिठ्ठी उचलायची होती. मी उचलली आणि उघडायच्या आधीच मला कळलं. चादर. पेशंटसह.

डमी तिथंच होता. तोंड किंचित उघडं. माझा हात डोक्याकडं निघाला, मी तो घड्याळ बघितल्यासारखा करून खाली आणला.

"नमस्कार बाबा. मी तुमची सिस्टर. तुमच्या अंगाखालची चादर बदलणार आहे. तुम्हाला उठावं लागणार नाही. चालेल ना?"

आणि मी थांबले. जंगलातून एक फेरी मारून उत्तर यायला जेवढा वेळ लागतो तेवढी थांबले. परीक्षक मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"बरं. आता उजवीकडं वळायचं." पुन्हा थांबले. "तुमच्याच उजवीकडं, बाबा."

"त्यांनी काही विचारलं का?" परीक्षक म्हणाल्या.

"विचारतात, मॅडम."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मी डमीला कुशीवर घेतलं, जुनी चादर पाठीशी गुंडाळली, नवी पसरली. तो जरा काठाकडं सरकतोय असं वाटलं, आणि सवयीनं तोंडातून निघालं, "हात धरा माझा." मीच त्याचा उजवा हात धरला. क्रेप बँडेज सुटलं आणि हात, कोपरापासून नाही, पार खांद्यापासून, माझ्या हातात आला.

दारात उभ्या मुलींपैकी एकीनं तोंडात ओढणी कोंबली. आमच्या ट्यूटर मॅडमनी डोळे मिटून घेतले.

आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा माझ्यासमोर एकच गोष्ट होती. पेशंट काठावर आहे, अर्धी चादर त्याच्या पाठीखाली आहे, आणि मी हे सोडून बोल्ट शोधायला गेले तर तो खाली पडेल. मी तो हात उशीशी ठेवला. "हात इथंच आहे, बाबा, तुमच्याजवळच. आधी पाठीखालचं काढून घेऊ. दोन मिनिटं." त्याला दुसऱ्या कुशीवर घेतलं, चादर ओढली, ताणली, कोपरे दुमडले. मग हात त्याच्या जागी टेकवला आणि वर पांघरूण घातलं. चेकलिस्टची शेवटची पायरी असते, बोलावण्याची घंटी पेशंटच्या हाताशी ठेवणे. कोणत्या हाताशी, यावर मी क्षणभर विचार केला. मामाजी उजखोरे आहेत. मी घंटी त्या सुट्या हातात दिली.

"काही लागलं तर वाजवा, बाबा."

परीक्षक मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "पेशंटचा हात निखळला. तुम्ही थांबला का नाहीत?"

"थांबले असते तर ते पडले असते, मॅडम."

"हे असं बोलणं कुठं शिकलात?"

"घरी. सासऱ्यांकडून."

"आजारी असतात का?"

"नाही मॅडम. अगदी ठणठणीत."

त्यांनी आणखी काहीतरी लिहिलं. निकाल यायला दोन महिने लागले, आणि ते दोन महिने मी कोणत्याही चादरीकडं धड बघू शकले नाही. आला तेव्हा त्या विषयात मी पास होते. वर्गात पहिली वगैरे नाही, पण पास, रजेच्या आत.

त्या शनिवारी घरी पोचले तर मामाजी अंगणात होते. निकालाच्या फोनवर मी यांना पहिल्यांदाच सगळं सांगितलं होतं, हातासकट, आणि यांनी ते मामाजींपर्यंत आधीच पोचवलं होतं. मामाजींना निकालात फारसा रस दिसला नाही. त्यांनी विचारलं, "हात निघाला तवा तो काई बोलला का?"

"नाही, मामाजी."

"मंग कच्चा आहे तो," ते म्हणाले, आणि समाधानानं बकरीला पाला घालू लागले.

आता माझं दुसरं वर्ष चालू आहे. घरी अंबाडी होत नाही. पदर अजून डोक्यावर येतो, पण घसरला तर परत घ्यायची घाई नसते. परीक्षेत आता चादर नाही, दुसरेच विषय आहेत, हे मी मामाजींना दोनदा समजावून सांगितलं आहे. तरी दर रविवारी सकाळी ते सपरीत खाटेवर ताठ पडून राहतात. गुडघे धड आहेत, उठता येतं, पण चादर बदलेपर्यंत उठत नाहीत. मी यायला उशीर केला तर खाटेच्या लाकडी पाटीवर ठोकतात. मी गेले की म्हणतात, "विचार."

"नमस्कार बाबा, चादर बदलू का?"

मग मी थांबते.